गुणपत्रकातली पोरं

कबड्डीच्या सामन्याला सहा अधिकारी लागतात. एक सरपंच, दोन पंच, दोन रेषापंच आणि एक गुणलेखक. पहिल्या पाचांना प्रेक्षकांच्या शिव्या बसतात, सहाव्याकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. मी तो सहावा. प्रभादेवी, लालबाग, डिलाईल रोड, वडाळा इथल्या मैदानांवर टेबलामागे बसून गुण लिहिण्यात माझ्या बऱ्याचशा संध्याकाळी गेल्या. निवृत्त होईपर्यंत दिवसा विमा कंपनीत कारकुनी आणि संध्याकाळी मैदानात कारकुनी, असं आमच्या घरात म्हणतात. म्हणोत. पंच परीक्षा पास झालो तेव्हा मलाही शिट्टी हातात घ्यायची हौस होती. पण अक्षर बरं म्हणून कोणीतरी टेबलावर बसवलं, तो बसलोच.

काम दिसतं तेवढं सोपं नाही. चढाई संपते, पंचाचा हात वर होतो, बोटं दिसतात, की लिहायचं. कोणाच्या नंबरापुढे किती, बोनस असेल तर त्याची वेगळी खूण, लोण चढला तर त्याचे दोन जादा. कोण बाद झाला आणि कोण आत आला हेही धरून ठेवावं लागतं, कारण जो आधी बाहेर गेला तोच आधी आत येतो. नेमकं शेवटच्या पाच मिनिटांत कोणीतरी तिसराच घुसायला बघतो. बदली खेळाडू, टाइमआउट, ताकीद, सगळं त्याच एका कागदावर. वीस-वीस मिनिटांचे दोन डाव आणि मध्ये पाच मिनिटं विश्रांती. त्या विश्रांतीत दोन्ही संघांचे प्रशिक्षक टेबलाशी येऊन कागदात डोकं घालतात. चहाचा कप त्याच वेळी येतो आणि गुणपत्रकावर गोल डाग पाडून जातो.

गुण किती झाले ते मैदानातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. टेबलावरून वेगळं दिसतं. तीन गुणांची पिछाडी आहे, दोन चढाया रिकाम्या गेल्यात, तिसरी रिकामी गेली तर गडी बाद, समोर सहाजण उभे आहेत. अशा वेळी कप्तान कोणाकडे बघतो? संघात ज्याच्या नावावर सगळ्यात जास्त गुण आहेत त्याच्याकडे बघतोच असं नाही. कधी कधी एखाद्या काडीपैलवान पोराला खूण होते, आणि तो पोरगा मान हलवून निघतो. त्याच्या नंबरावर मी नकळत पेन्सिलीने बारीक टिंब देतो. आमच्याकडे अशा मुलाबद्दल एकच वाक्य बोलतात : पोरगा पुढे जाणार. कुठे, ते कोणी सांगत नाही. कारण या ‘पुढे’चा पत्ता माझ्या देखत दोनदा बदलला.

पहिला पत्ता नोकरीचा. माझे वडील गिरणीत साचेवाले होते आणि चाळीच्या संघातून खेळत. गिरणगावात हा खेळ रुजला तो काही शास्त्रशुद्ध विचार करून नव्हे. बॅट नको, चेंडू नको, बूट नकोत. दोन चाळींच्या मधली जागा, पाणी मारून बसवलेली माती आणि चुन्याच्या रेषा एवढ्यात भागतं. पाळी सुटल्यावर खेळायचं आणि पाळीच्या आधी अंघोळ उरकायची. चांगल्या गड्याला गिरणी, बँक, रेल्वे, बंदर यांपैकी कोणीतरी उचलायचं. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यातले कितीतरी परत आत गेलेच नाहीत. पण मंडळं तगली. बुवा साळवींसारखी माणसं गावोगाव हिंडून हा खेळ नियमांत बसवत होती. १५ जुलै, त्यांचा जन्मदिवस, आजही महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळतात. १९९० ला बीजिंगच्या एशियाडमध्ये कबड्डीला पदक लागलं आणि सुवर्ण आपल्याकडे आलं, त्या दिवशी आमच्या गल्लीत पेढे वाटले होते. तोवर गिरण्यांची धुराडी थंड पडली होती, पण देना बँक, एअर इंडिया, भारत पेट्रोलियम, महिंद्र, मुंबई बंदर असे संघ होते. कुमार गटातला पोरगा दोन-तीन वर्षं नजरेत भरला की यांपैकी कोणाचातरी निरोप यायचा. आधी मानधनावर, मग कायम. चाळीत लग्नाची बोलणी सुरू व्हायची ती त्यानंतर.

दुसरा पत्ता वरळीचा. २६ जुलै २०१४, एनएससीआयचं बंदिस्त स्टेडियम, प्रो कबड्डीचा पहिला सामना, यू मुंबा विरुद्ध जयपूर पिंक पँथर्स. महिंद्रचा स्वतःचा कबड्डी संघ मुंबईत वर्षानुवर्षं खेळत आलेला, आणि ही लीग काढणाऱ्यांत चारू शर्मांबरोबर आनंद महिंद्र होते, म्हणून आम्हा जुन्या लोकांना थोडा भरवसा होता. नाहीतर ‘कबड्डीचं आयपीएल’ ऐकल्यावर निम्म्या पंचांनी नाकं मुरडली होती. आत गेलो तर अंधार, निळे-गुलाबी दिवे, छाती हादरवणारा आवाज आणि मधोमध मॅट. शेजारी आमचे एक ज्येष्ठ पंच बसले होते. पहिल्या दहा मिनिटांत ते फक्त एवढंच म्हणाले, “दम ऐकू येत नाही.” खरं होतं. चढाईपटूच्या तोंडचं ‘कबड्डी कबड्डी’ त्या गोंगाटात कुठे ऐकू येणार? पण मग ते हळूहळू पुढे सरकून बसले. मुंबाचा अनुप कुमार चढाईला निघाला होता. बोनस टिपण्यात अनुपचा पाय धरणारा तेव्हा कोणी नव्हता. घाई नाही, उडी नाही. कोपरा एक पाऊल पुढे येतो आहे का बघायचं, तो आला नाही तर पलीकडे पाय टाकून परत. मुंबा ४५–३१ ने जिंकली. बाहेर पडताना ज्येष्ठ पंच म्हणाले, “पोरं चांगली आहेत. तिकीट महाग आहे.” एवढ्या कमी शब्दांत सामन्याचा अहवाल मी त्यानंतर वाचलेला नाही.

त्या दिवसापासून मी यू मुंबाचा. भगवा टी-शर्ट घेतला, वयाला शोभत नाही म्हणून घरीच घातला. पहिल्या हंगामाच्या अंतिम सामन्यात, ३१ ऑगस्ट २०१४ ला, त्याच स्टेडियममध्ये जयपूरने आपल्याला ३५–२४ असं धुतलं. पुढच्या वर्षी २३ ऑगस्टला, पुन्हा तिथेच, बंगळूरु बुल्सला ३६–३० ने हरवून चषक आपण घेतला. तो सामना बघणाऱ्याला शेवटची पाच मिनिटं विसरता येणार नाहीत. सामना दोन्हीकडे झुकत होता, मग शब्बीर बापूच्या चढायांनी लोण चढला आणि लालबाग-परळहून आलेल्या आमच्या रांगेचे घसे बसले. मार्च २०१६ ला दिल्लीत सलग तिसरा अंतिम सामना खेळलो, तो पाटणाने ३१–२८ ने घेतला. तेव्हा वाटलं, बरं, पुढच्या वेळी. ती पुढची वेळ अजून आलेली नाही. २०१९ ला उपांत्य सामन्यात बंगाल वॉरियर्सशी दोन गुणांनी गेलो, तेवढंच.

हरणाऱ्या संघाचा चाहता असण्याचा एक फायदा असतो : माणूस चालू हंगामापेक्षा येणाऱ्या पोरांत जास्त रमतो. माझं तसंच झालं. शिवाय माझं कामच ते. मुंबाच्या पहिल्या संघांत कणा हरयाणा-दिल्लीकडचा होता, अनुप, सुरेंदर नाडा, मोहित छिल्लर. पण त्यात रिशांक देवाडिगा आणि विशाल माने हे मुंबईच्या मैदानांवरचे होते. रिशांकला आम्ही मातीवर बघितलेलं. तो टीव्हीवर दिसला की गल्लीत लोक सांगत सुटायचे, याचा सामना मी अमुक मैदानात बघितलाय. मला तसं सांगावं लागत नव्हतं, त्याच्या सामन्यांचे कागद माझ्या अक्षरात होते. हा अहंकार म्हणा हवं तर. गुणलेखकाला दुसरा कसला करता येतो?

मग पैसा आला. २०१४ च्या लिलावात सगळ्यात महाग खेळाडू राकेश कुमार होता, १२ लाख ८० हजार. २०१८ ला कोटीची रेघ ओलांडली गेली. यू मुंबाने इराणच्या फझल अत्राचलीला १ कोटीला घेतलं, आणि आमचा रिशांक १ कोटी ११ लाखांना यूपी योद्धाकडे गेला. त्याच वर्षी जानेवारीत हैदराबादला त्याच्याच नेतृत्वाखाली महाराष्ट्राने सेनादलाला ३४–२९ ने हरवून अकरा वर्षांनी राष्ट्रीय अजिंक्यपद आणलं होतं. मुंबईचा पोरगा, महाराष्ट्राचा कप्तान, आणि खेळतो उत्तर प्रदेशाकडून. गल्लीत लोकांना हे पटायला वेळ लागला. मला पटलं. ज्याने कोटी दिले त्याच्याकडे जावं, पायाचे घोटे किती दिवस टिकतात ते खेळाडूलाच माहीत.

त्याच हंगामात सिद्धार्थ देसाई आला. कोल्हापूरच्या चंदगड तालुक्यातलं हुंदळेवाडी त्याचं गाव. उंच, दांडगा, पकड बसली तरी दोघा-तिघांना ओढत मध्यरेषेपर्यंत येणारा. मुंबाने त्याला ३६ लाख ४० हजारांना घेतलं होतं. दोनशेच्या वर चढाईचे गुण त्याने पहिल्याच हंगामात काढले. मी घरी टीव्हीसमोर माझं गुणपत्रक मांडून बसायचो, आणि त्याच्या नंबरापुढची जागा कागदावर पुरायची नाही. वाटलं, मिळाला, आता आठ-दहा वर्षं काळजी नाही. पुढच्या लिलावात तेलुगू टायटन्सने १ कोटी ४५ लाखांना त्याला नेलं. पुढे खांद्याच्या दुखापतीने त्याचा एक हंगाम जवळजवळ वाया गेला. अर्जुन देशवालचंही तेच. आपल्याकडे घडला, आणि खरा बहरला तो जयपूरला, त्यांना २०२२ चा चषक देऊन. तो अंतिम सामना कुठे झाला? आमच्याच वरळीत, जयपूर आणि पुणे यांच्यात. यजमान आपण, पंगतीला दुसरेच.

पुण्याचं नाव निघालं म्हणून सांगतो, मुंबईकराला हे लिहिताना त्रास होतो, पण पुणेरी पलटणने पोरं घडवण्याचं काम आपल्यापेक्षा चांगलं केलं. नगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार, आकाश शिंदे, पंकज मोहिते. कोवळ्या वयात घेतले, एकत्र ठेवले, दोन हंगाम हरू दिले आणि १ मार्च २०२४ ला हैदराबादला हरयाणा स्टीलर्सला २८–२५ ने हरवून चषक नेला. संघ बांधायचा म्हणजे थांबता यावं लागतं. मुंबाकडे २०२४ च्या हंगामात अजित चव्हाण पुढे आला तेव्हा माझ्या मनात हेच होतं, याला आता धरून ठेवा. त्या वर्षीचा लिलाव मुंबईतच होता, १५ ऑगस्टला. सकाळी मंडळाचं झेंडावंदन झालं, जिलेबी खाल्ली, आणि नंतर त्याच खोलीत टीव्हीसमोर लिलाव बघत बसलो. बचावपटू सुनील कुमारला मुंबाने १ कोटी १ लाख ५० हजारांना घेतलं. खोलीत टाळ्या पडल्या. सगळ्यात जोरात टाळ्या वाजवणारा पोरगा कोपऱ्यात उभा होता, आणि त्याच्याविषयी मला जरा सविस्तर सांगायचं आहे.

तो डावा कोपरा खेळतो. बी.डी.डी. चाळीत राहायचा, वडील एका मॉलमध्ये सुरक्षारक्षक. मी त्याला पहिल्यांदा बघितला तो मैदानात नव्हे, वजनकाट्यावर. किशोर गटाला सोळा आणि कुमार गटाला वीस वर्षांची अट असते, आणि दोन्हीकडे वजनाचीही. स्पर्धेच्या सकाळी काट्यासमोर रांग लागते. जी पोरं अटीच्या किंचित वर असतात ती पहाटेपासून दोन-दोन जर्किन घालून मैदानाला फेऱ्या मारतात, पाण्याच्या बाटलीकडे बघत नाहीत, थुंकून थुंकून तोंड कोरडं करतात. हा काट्यावर चढला तर काटा शंभर-दीडशे ग्रॅम वर. उतरला, न्हाव्याकडे गेला, डोकं साफ करून आला. केसांनी किती वजन कमी होणार, पण पुन्हा एक फेरी मारून चढला आणि काटा बसला. मी त्याचं नाव लिहिलं. तो म्हणाला, “काका, नाव नीट लिहा, मागच्या वेळी आडनाव चुकलं होतं.”

ललित कला भवनच्या मैदानावरचा त्याचा एक कुमार गटाचा सामना मला पेन्सिलीशिवाय आठवतो. समोरचा चढाईपटू याच्यापेक्षा चांगला वीतभर उंच. पहिल्या चढाईला तो याच्या अंगावर आला, हा मागे सरकला. मागून ओरडा : “धर ना रे, घाबरतो काय!” दुसऱ्यांदा आला, हा पुन्हा मागे. एक स्पर्शगुण गेला, बाजूचा गडी बाद. प्रशिक्षक उठून उभे राहिले. तिसऱ्या वेळी तोच चढाईपटू तसाच आला, हात लांबवला, आणि परत फिरताना दरवेळी करायचा तसं अंग वळवून डावं पाऊल क्षणभर मागे ठेवलं. पोरगा बहुधा पहिल्यापासून त्याच पावलाची वाट बघत होता. खाली बसला आणि घोटा धरला. नुसता धरला, ओढाओढ नाही. मध्यरक्षकांनी वरून दाब दिला, धुरळा उठला, शिट्टी वाजली. उठला तेव्हा कोपराला सोललेलं, त्यावर माती चिकटलेली. आनंदाने उड्या मारल्या नाहीत. आधी टेबलाकडे बघितलं, मी गुण लिहिला की नाही ते. मी पेन्सिल वर करून दाखवली, मग तो जागेवर गेला.

त्याला एका संघाच्या शिबिराचं बोलावणं आलं. लीगच्या संघांना लिलावाबाहेरूनही नवोदित पोरं घेता येतात, त्यासाठी चाचण्या होतात. चाळीत कमान लावायचीच बाकी होती. काही आठवड्यांनी तो परत आला. उंची कमी पडते, असं म्हणाले म्हणे. उंची बोलावण्याआधी मोजता आली असती, पण ते असो. आता तो संध्याकाळी एका व्यायामशाळेत श्रीमंत लोकांना जोर काढायला शिकवतो आणि रात्री आमच्या मैदानात सरावाला येतो. तक्रार करत नाही. मीच करतो. कारण वीस-पंचवीस वर्षांपूर्वी असाच बुटका डावा कोपरा बँकेत लागला असता, बँकेच्या संघातून दहा वर्षं खेळला असता आणि आज शाखेत अधिकारी असता. १ एप्रिल २०१९ ला देना बँक बडोदा बँकेत विलीन झाली. जानेवारी २०२२ ला एअर इंडिया टाटांकडे गेली. अर्थखात्याच्या दृष्टीने हे निर्णय बरोबरच असतील, मी त्यातला जाणकार नाही. पण आमच्या शिडीच्या दोन पायऱ्या त्यात गेल्या, हे कुठल्याही वर्तमानपत्राच्या अर्थपानावर आलं नाही.

मुलींची गोष्ट तर याहून लवकर संपते. शिवशक्ती महिला संघ, डॉ. शिरोडकर स्पोर्ट्स क्लब यांचे सामने लिहिताना पेन्सिल थांबत नाही, इतका वेग. अभिलाषा म्हात्रेची चढाई बघून मुली चाळीचाळींतून मैदानावर यायला लागल्या. २०१६ ला प्रो कबड्डीने तीन संघांची महिलांची स्पर्धा घेतली, त्यात अभिलाषा एका संघाची कप्तान होती. अंतिम सामना एका गुणाने ठरला. एवढं चुरशीचं झालं आणि पुढच्या वर्षी स्पर्धा नाही. त्यानंतरही नाही.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते. माझ्या साडूचा मुलगा न्यू जर्सीत असतो. त्याला बेसबॉलचं वेड, यँकीज हा त्याचा संघ. पण तो बोलतो यँकीजबद्दल कमी आणि त्यांच्या खालच्या पोरांबद्दल जास्त. तिकडे मोठे ३० संघ, आणि प्रत्येकाखाली वेगवेगळ्या पातळीचे चार संघ छोट्या गावांतून खेळतात. एकूण १२०. त्याच्या घराजवळ ब्रिजवॉटरला सॉमरसेट पेट्रिअट्स म्हणून संघ आहे, तो यँकीजच्या खालच्यांपैकी. पोरगा संध्याकाळी बायकोमुलांना घेऊन तिथे जातो, विशी-बाविशीतल्या पोरांना जवळून बघतो, आणि यातला कोण दोन वर्षांनी वर जाईल याच्या पैजा लावतो. प्रत्येक पोराचा अठराव्या वर्षापासूनचा आकडान् आकडा लिहिलेला असतो. कुठल्या गोलंदाजाविरुद्ध, दिवसा की रात्री, घरी की बाहेर.

मागे तो भारतात आला तेव्हा प्रभादेवीला राजाभाऊ साळवी मैदानावर माझ्या शेजारी टेबलावर बसला. सामना बघून खूश झाला. एका पोराकडे बोट दाखवून म्हणाला, “काका, याचे मागच्या वर्षीचे पॉइंट्स किती?”

मी म्हटलं, “कपाटात.”

“म्हणजे?”

म्हणजे तेच. गुणपत्रक आम्ही तीन प्रतींत करतो, निकाल जाहीर होतो, वर्तमानपत्राला चार ओळी जातात, त्यातही पाहुण्यांची नावं आधी. कागद मंडळाच्या कपाटात. कपाट भरलं की रद्दीत. एका मंडळाची खोली पुनर्विकासात पाडली तेव्हा तीस-एक वर्षांचे कागद टेम्पोत भरून गेले, किलोच्या भावाने. त्यात माझ्या आधीच्या गुणलेखकांचं अक्षर होतं. जे आज प्रशिक्षक आहेत त्यांच्या पोरपणीचे सामने त्यात होते.

क्रिकेटवाल्यांकडे बघा. फेब्रुवारी १९८८ ला आझाद मैदानावर तेंडुलकर-कांबळीने शालेय सामन्यात ६६४ धावांची भागी केली. दादरचं कुठलंही पोर झोपेतून उठवा, ३२६ आणि ३४९ सांगेल. कारण कोणीतरी ते वहीत नीट लिहिलं, जपलं आणि छापलं. त्याच फेब्रुवारीत परळच्या कुठल्या पोराने एका सामन्यात किती गडी बाद केले, हे आज सांगणारं कोणी नाही. आमच्यात कर्तबगारी कमी होती असं मला वाटत नाही. वही कमी होती.

लीगच्या निवडकर्त्यांना मी दोष देत नाही. हरयाणाच्या पोराचे राष्ट्रीय स्पर्धेचे आकडे त्यांच्या हातात असतात, चित्रफिती असतात. लालबागच्या पोराचं काय असतं? ‘पोरगा चांगला आहे’ हे कोणातरी काकाचं मत. त्या मतावर पंधरा मिनिटांची चाचणी मिळते आणि चाचणीत उंची मोजतात. तो डावा कोपरा चढाईपटूचं पाऊल दोन चढाया वाचतो आणि तिसऱ्याला धरतो, हे पंधरा मिनिटांत कसं कळणार? ते एका मोसमाच्या कागदांवरून कळतं. कोणत्या मिनिटाला पकडी होतात, संघ मागे असताना किती, पुढे असताना किती. माझ्या कागदांत ते आहे. लिहिणारा जिवंत आहे तोवर वाचूनही दाखवता येईल.

आणि मुंबाचं म्हणाल तर, जानेवारी २०२४ नंतर वरळीत लीगचा सामनाच झालेला नाही. त्या वर्षअखेरचा हंगाम हैदराबाद, नोएडा आणि पुण्यात झाला. २०२५ चा विशाखापट्टणम, जयपूर, चेन्नई, दिल्लीत. मुंबई नावाचा संघ मुंबईबाहेर राहतो आणि आम्ही त्याला टीव्हीवर भेटतो. मालक मंडळींची गणितं असतील. पण बुटक्या पोरांनाही समोर उभं राहून अनुप कुमारसारख्याचा पाय बघता यायला हवा, टीव्हीवर तो कोपऱ्यातून दिसत नाही. मुंबाने निदान चार सामने तरी वरळीला परत आणावेत, तिकिटं चाळीला परवडतील अशी ठेवावीत. हे मी चाहता म्हणून मागतो.

गुणलेखक म्हणून मागणं वेगळं आहे, आणि ते मालकांकडे नाही, आपल्याच माणसांकडे आहे. मंडळाच्या कार्यकर्त्यांनो, यंदाच्या मोसमापासून एवढं करा. गुणपत्रकावर नंबराबरोबर पोराचं पूर्ण नाव आणि जन्मसाल लिहा, आडनाव त्याला विचारून लिहा. सामना संपला की सरपंचाची सही होताच मोबाईलवर कागदाचा फोटो काढा आणि एका ठिकाणी साठवा. किशोर गटाचा, कुमार गटाचा, मुलींचा, सगळ्यांचा. मुंबई शहर कबड्डी असोसिएशनने ते एकत्र करायचं मनावर घेतलं तर नोंदी टाइप करायला मी बसतो, निवृत्त झालोय, वेळ आहे. जुने कागद कोणाकडे माळ्यावर पडले असतील तर रद्दीवाल्याला देण्याआधी एकदा मैदानात घेऊन या. थंडीत प्रभादेवीला बहुतेक संध्याकाळी सामने असतात, प्रवेश फुकट आहे, आणि टेबलामागे कोण बसतं ते आता तुम्हाला माहीत आहे.